पहिला शब्द

१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या, गटारीचा दिवस. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती, त्यातली बरीचशी सणाला घरी चाललेली. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई आपल्या कामात होती. शहराला बातमी कळली ती दुपार उलटून गेल्यावर, वाचलेल्यांच्या तोंडून. तोवर जी माणसं वाचली ती मुख्यतः मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांमुळे. त्यांनी होडीतला माल दर्यात लोटला आणि बुडणाऱ्यांना वर ओढून घेतलं.

आमच्या अष्टागरात ‘रामदास’ची गोष्ट अजून सांगितली जाते ती बुडालेल्यांची म्हणून. मला त्यात नेहमी रेवसच्या धक्क्यावर थांबलेली माणसं दिसतात. बोट आली नाही, एवढंच त्यांना कळत होतं. पावसाळ्यात बोटीला उशीर व्हायचाच. मग कोणीतरी काहीतरी ऐकून आलं असेल, दुसऱ्याने त्यात भर घातली असेल, आणि ज्याला खरं माहीत होतं असा एकही माणूस त्यांच्यासमोर उभा नव्हता. या पुस्तिकेचा विषय ते तास आहेत. संकट येऊन गेलेलं असतं, मदत अजून यायची असते, आणि लोक कुणाच्या तरी तोंडाकडे बघत असतात. त्या वेळी ज्याच्याकडे बघितलं जातं त्याने काय बोलावं?

उरणपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या गावांतले सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, नगराध्यक्ष, तहसीलदार यांच्यासाठी हे लिहिलेलं आहे. मंत्र्यांच्या उपयोगाचंही त्यात पुष्कळ आहे. नेमकं काय बोलावं, कोणत्या क्रमाने बोलावं, ते पुढच्या पानांत येईल. प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते, या गोष्टीला एवढं महत्त्व का द्यायचं.

३ जून २०२० ला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जोराचा होता. आदल्या दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे राज्याशी थेट बोलले होते. आजवर पाहिलेल्या वादळांपेक्षा हे मोठं असू शकेल, किनाऱ्याला पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत, घरातच राहा, असं त्यांनी सांगितलं. टाळेबंदी सैल व्हायची वेळ आणि वादळाची वेळ एकच आली होती. अडीच महिने कोंडलेल्या लोकांना ‘अजून दोन दिवस आतच’ हे सांगणं सोपं नव्हतं, तरी ते आडपडदा न ठेवता सांगितलं गेलं. रायगडच्या जिल्हा प्रशासनाने करोनाच्या दिवसांत तेरा हजारांहून जास्त माणसं सुरक्षित जागी हलवली. एवढं मोठं वादळ अंगावरून गेलं आणि माणसं थोडी गेली, यात वेधशाळेचा वाटा मोठा आहे. पण वेधशाळेचा अंदाज घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसांचा वाटाही तेवढाच आहे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढ्यावर कोळीवाड्यात होड्या वर ओढल्या जातात, कारण बावटा खोटा नसतो हे तिथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

वादळ गेल्यावर मात्र सगळं मुकं झालं. विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे एका दुपारी घरातल्या पोरांच्या शिक्षणाचा पैसा जमिनीवर पडला होता. त्या दिवसांत आम्हाला पैशांआधी माहिती हवी होती. रस्ता कुठपर्यंत मोकळा झाला? पुण्या-मुंबईतल्या मुलांना आम्ही जिवंत आहोत हे कोण कळवणार? वीज कधी येणार?

चौथ्या-पाचव्या दिवशी एक अधिकारी आमच्याकडे आले. लोकांनी विजेचं विचारलं. ते म्हणाले, “दोन दिवसांत.” आम्ही दोन दिवसांच्या बेताने मेणबत्त्या जाळल्या, पंपाच्या टाकीतलं पाणी वापरलं, कुणाच्या तरी गाडीवर फोन चार्ज केले. वीज आली तेव्हा महिना उलटून गेला होता. तो माणूस वाईट नव्हता. चार रात्री त्याला झोप नसावी, डोळे तांबारलेले होते. समोर चिडलेली माणसं होती आणि ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. पुढे पंचनाम्याचा दिवस सांगायला तेच आले, तेव्हा निम्म्या लोकांनी ते मनावरच घेतलं नाही. या वेळी तारीख खरी होती. ज्यांनी मनावर घेतलं नाही त्यांना भरपाईसाठी पुढे किती हेलपाटे पडले ते मी पाहिलेलं आहे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. पहिला शब्द पुढच्या सगळ्या शब्दांना जामीन राहतो. तो बुडाला की नंतरचं खरंही कुणी उधार घेत नाही.

या मताला सगळ्यात मोठा धक्का देणारी घटना याच किनाऱ्याशी बांधलेली आहे, आणि तिला टाळून ही प्रस्तावना लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणाऱ्या किनारी रस्त्यावर शेखाडी लागतं. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. कस्टम्स आणि पोलिसांतल्या काही जणांनी लाच घेऊन डोळे मिटले, हे पुढे टाडा न्यायालयात सिद्ध झालं. १२ मार्चच्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअर बाजारात पहिला स्फोट झाला, आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत शहरभर एकामागून एक स्फोट होत गेले. २५७ माणसं मेली.

शरद पवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत शहरात नऊशे माणसं मारली गेली होती, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. जखम ओली होती. पवारांच्या ध्यानात आलं की स्फोटांच्या जागा हिंदू वस्तीच्या किंवा हिंदूंची वर्दळ असलेल्या आहेत. हे लोकांच्या ध्यानात आलं तर रात्र उजाडणार नाही. ते दूरदर्शनवर आले आणि त्यांनी स्फोटांच्या यादीत मशीद बंदरचं नाव घातलं. मशीद बंदरला स्फोट झालेला नव्हता. अकरा झाले होते, मी बारा सांगितले, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, आयोगापुढेही सांगितलं आणि जाहीर मुलाखतींतही. त्या रात्री मुंबईत दंगल पेटली नाही. सोमवारी शेअर बाजार उघडला.

या एका वाक्यावर मी अनेक वर्षं विचार करतो आहे. त्याने माणसं वाचली असतील, हे मी नाकारत नाही. सांगणाऱ्याच्या मनात स्वतःची खुर्ची नव्हती, शहर होतं, हेही मी मानतो. ‘दोन दिवसांत वीज’ म्हणणाऱ्याला समोरची गर्दी पांगवायची होती. इथे समोर येऊ घातलेली कत्तल होती. दोन्हींना एकच नाव देणं अन्याय होईल. आणखी एक फरक मला मोठा वाटतो. पवारांनी ते खोटं पुढे लपवलं नाही. चौकशी करणाऱ्यासमोर ते आपल्या नावावर घेतलं.

तरीही त्या संध्याकाळी मशीद बंदरच्या गोदामांत, गाळ्यांत, हातगाड्यांवर ज्यांची माणसं कामाला होती त्यांच्या घरांचा विचार मनातून जात नाही. दूरदर्शनवर मुख्यमंत्री बोलले म्हणजे खरंच असणार. आपला माणूस घरी परत येईपर्यंत त्या घरांनी काय सोसलं असेल, ते कुणाच्या हिशोबात आलेलं नाही. आणि असं खोटं एकदाच चालतं. पुढच्या वेळी लोक यादी ऐकतात आणि मनात विचारतात, यातलं घातलेलं कोणतं? आज खिशाखिशात कॅमेरा आहे. मशीद बंदरला धूर नाही, हे आज दहा मिनिटांत शहराला कळलं असतं आणि त्या वाक्याने आग विझण्याऐवजी भडकली असती. म्हणून माझा निवाडा असा आहे: १९९३ चा तो निर्णय समजून घ्यावा, त्याची निंदा करू नये, आणि तो कुणाला शिकवूही नये. या पुस्तिकेत तो मार्ग दिलेला नाही.

त्यानंतर दिघी आणि शेखाडी ही नावं वर्षानुवर्षं आरडीएक्सला चिकटून राहिली. गुन्हा मूठभरांचा होता आणि त्यात सरकारी पगार घेणारेही होते. तरी गावाचं नाव सांगितलं की समोरच्याची नजर बदलायची. संकटाच्या पहिल्या दिवशी कुणाचं नाव घ्यायचं याची काळजी नेते घेतात. कुणावर विनाकारण संशय जाईल आणि तो पुसायला आपण लगेच काय बोलायला हवं, याची काळजी फार थोडे घेतात.

म्हणूनच १८ ऑगस्ट २०२२ चा दिवस मी जपून ठेवलेला आहे. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं सापडली. दहीहंडी दुसऱ्या दिवशी, गणपती तेरा दिवसांवर, आणि तालुका श्रीवर्धनचा. एवढं एकत्र आल्यावर अफवेला आणखी काय लागतं? फोन खणखणू लागले. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. गृहखातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत निवेदन केलं. बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकी एका ऑस्ट्रेलियन नागरिकाची. मस्कतहून युरोपकडे जाताना जूनच्या अखेरीस इंजिन बिघडलं, त्यावरच्या माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं, आणि मोकळी बोट प्रवाहाबरोबर वाहत इथे आली. दहशतवादाचा संबंध आत्ता तरी दिसत नाही; पण कोणतीही शक्यता सोडून दिलेली नाही, स्थानिक पोलीस आणि एटीएस तपास करत आहेत, सणांमुळे सावधगिरी बाळगली आहे.

हे निवेदन पुन्हा एकदा सावकाश वाचावं. ‘घाबरू नका’ या शब्दांवर त्याची भिस्त नाही. बोट कुठली, कुणाची, कशी आली, हे सांगितल्यावर भीती आपली आपण उतरते. जे कळलं आहे ते वेगळं ठेवलं आहे, जे अजून बघायचं आहे ते वेगळं. ‘आत्ता तरी’ हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. उद्या तपासात वेगळं काही निघालं असतं तरी बोलणारा खोटा पडला नसता. पक्ष कोणताही असो, पहिल्या दिवसाच्या बोलण्याचा नमुना म्हणून रायगडच्या प्रत्येक पंचायत समितीत हे निवेदन शिकवलं जावं असं मला वाटतं.

याउलट नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. एवढ्या मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतात, अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य आर. आर. पाटलांच्या तोंडून गेलं आणि १ डिसेंबरला त्यांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. सचोटीचा, साध्या राहणीचा, तंटामुक्त गाव मोहिमेमुळे खेड्याखेड्यांत पोचलेला हा माणूस. पोलीस शूरपणे लढले, हे त्यांना सांगायचं होतं. पण मरण ताजं असताना लोक आकार मोजत नाहीत. विलासराव देशमुख तर जळलेल्या ताजमहाल हॉटेलच्या पाहणीला गेले तेव्हा सोबत चित्रपट दिग्दर्शक होता. तिथे ते काय बोलले ते कुणाला आठवत नाही. सोबत कोण होतं तेच बोललं गेलं आणि मुख्यमंत्रिपद गेलं.

आता थोडं खाली, गावाकडे येऊ. पहिला शब्द बोलणारा नेहमी पदावरचाच असतो असं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं काळोखात नदीत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाला दिसलं की पुढे गेलेल्या गाड्यांचे लाल दिवे अचानक नाहीसे होत आहेत. तो रस्त्यावर धावला, मागची वाहनं अडवली, कळवाकळव केली. त्या रात्री महामार्गावरचा पुढारी तोच होता. त्याने भाषण केलं नाही. ‘थांबा, पूल नाही’ एवढंच त्याला सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं तेवढंच होतं.

ऐकणाऱ्याने आत्ता या क्षणी काय करायचं, ते पहिल्या शब्दात असलं पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर हे नुसतं वादळापुरतं राहिलेलं नाही. थळला खतांचा कारखाना आहे, उरणला तेल आणि वायूचा प्रकल्प, रोह्याला आणि महाडला रसायनांच्या वसाहती. ३ सप्टेंबर २०१९ ला सकाळी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. अशा वेळी बाहेरच्या गावातला माणूस आकाशातला धूर बघत विचारत असतो: पळू की दार लावून बसू? वायू असेल तर वाऱ्याच्या दिशेने पळणारा मरतो, वारा ओलांडून आडवा जाणारा वाचतो, ओलं फडकं नाकाला लावणाऱ्याला थोडी सवड मिळते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या लोकांना त्या रात्री हे कुणी सांगितलं नाही. हजारो माणसं धावत सुटली आणि धावताना त्यांनी तोच वायू जास्त ओढून घेतला. सहवेदना, चौकशी, नुकसानभरपाई यांना त्यांची वेळ आहे. फडकं ओलं करायची वेळ पाच मिनिटांची असते.

दुसरा प्रश्न, जो लोक मोठ्याने विचारत नाहीत: आता सूत्रं कुणाच्या हातात आहेत? याचं उत्तर याच जिल्ह्याच्या गडावर एकदा दिलं गेलं. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेल्याची खबर रायगडावर आली. गादीवर हक्क सांगता येईल असा मुलगा येसूबाईंच्या मांडीवर होता, सात वर्षंही पूर्ण न झालेला शाहू. त्यांनी धाकटे दीर राजाराम यांना मंचकावर बसवण्याचा निर्णय घेतला आणि राज्याला राजा आहे हे सगळ्यांना दिसू दिलं. पुढे राजाराम गडावरून निसटले, नोव्हेंबरात गड पडला, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राज्य मात्र लढत राहिलं. स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून दिलेलं ते उत्तर मला या साऱ्या विषयातलं सर्वांत थोर उदाहरण वाटतं.

इर्शाळवाडीबद्दल थोडंच लिहितो, कारण ती जखम अजून कोवळी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात ती वाडी दरडीखाली गेली. वर जायला एक चढणीची पायवाट, यंत्रं पोचणं अशक्य. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे सकाळीच पोचले आणि चालत वर गेले. त्यांच्या चालण्याबद्दल मला आदर आहे. पण अशा ठिकाणी नेत्याच्या मागे किती माणसांनी वर चढायचं, याचा नियम आधीच ठरलेला असावा, कारण त्याच वाटेने स्ट्रेचर खाली यायचं असतं. सरकारकडून पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. गोष्ट खरी होती. पण ज्याचं घर ढिगाऱ्याखाली आहे त्याला त्या दिवशी यादीशी काही कर्तव्य नसतं. खरं बोलणंसुद्धा बचावासारखं ऐकू येतं, जर ते त्या माणसाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असेल.

पुढची पानं या अनुभवांतून तयार झाली आहेत. त्यांत नमुन्याची निवेदनं आहेत, फोन आणि वीज बंद असताना दवंडी, भोंगा, देवळातला आणि मशिदीतला लाउडस्पीकर कसा वापरायचा ते आहे, मृतांचे आकडे कुणी आणि केव्हा सांगायचे ते आहे. सगळं लागू पडेलच असं नाही. श्रीवर्धनची वाडी वेगळी, उरणचा पाडा वेगळा. आपल्या गावाप्रमाणे बदल करून घ्या.

एक विनंती मात्र सगळ्यांना सारखीच आहे. शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. १ जूनला होड्या किनाऱ्याला लागतात, त्याआधी ग्रामसभेत बसून त्यावर तीन ओळी लिहा: संकट आलं तर गावात पहिलं कोण बोलेल, तो नसेल तर कोण, आणि लोकांनी ऐकायला कुठे जमायचं. ते पान फाडून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि एक प्रत जेट्टीवरही.